जंगलाच्या वाटेवरचे शेवटचे दोनशे किलोमीटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आपल्या भिवंडी तालुक्यापासून नागपूरपर्यंत सलग झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि नवी मुंबईतल्या कुटुंबांसाठी याचा एक मोठा अर्थ असा की, विदर्भातील जंगले स्वतःच्या गाडीने जाण्याच्या टप्प्यात आली. पूर्वी नागपूरच्या रेल्वेचे आरक्षण मिळवा, तिथे उतरून भाड्याची गाडी ठरवा, मग ताडोबा किंवा पेंच गाठा, असा सगळा व्याप असे. आता दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागली की आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांतून पहाटे पाचला गाड्या निघतात आणि रात्रीच्या जेवणाला जंगलाजवळच्या रिसॉर्टवर पोहोचतात. लोक जंगले पाहू लागले याचा मला मनापासून आनंद आहे. १९५५ मध्ये घोषित झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान, आणि व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात १९७३ मध्ये ज्या पहिल्या नऊ क्षेत्रांपासून झाली त्यांत आपला मेळघाट होता. हा वारसा आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे. परंतु या प्रवासाचा जो भाग समृद्धी महामार्ग सोडल्यानंतर सुरू होतो, त्याविषयी कोणीच फारसे बोलत नाही, म्हणून हे पत्र.

ठाण्याहून ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराकडे जाणारा माणूस साधारणपणे वर्ध्याजवळ समृद्धी सोडतो आणि जाम, वरोरा, चंद्रपूर असे करत मोहर्लीला पोहोचतो. एकूण अंतर आठशे किलोमीटरांहून अधिक आहे. पहाटे पाचला निघालेली गाडी महामार्गावर कितीही सुरळीत धावली, तरी चहा-नाश्ता, जेवण, डिझेल आणि मुलांचे थांबे धरून तिला वर्धा गाठेपर्यंत दुपारचे अडीच-तीन वाजतात. त्यापुढचे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर साध्या रस्त्यांचे, गावांतून आणि शहरांतून जाणारे असल्यामुळे त्यांना आणखी चार तास लागतात. म्हणजे मोहर्लीला पोहोचायला सात वाजतात. इथे आपल्याकडची एक सवय आपल्याला फसवते. चंद्रपूर ठाण्याच्या पुष्कळ पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरात ठाण्यात सहा वाजता उजेड असतो, तर चंद्रपुरात पावणेसहाच्या आतच सूर्य मावळलेला असतो. त्यामुळे संपूर्ण प्रवासातला जो तुकडा सर्वांत जपून चालवायचा, म्हणजे चंद्रपूरपासून पद्मापूर, आगरझरीमार्गे मोहर्लीपर्यंतचा जंगलातला रस्ता, नेमका तोच दिवसभर दमलेला चालक अंधारात आणि घाईत चालवतो.

ही घाई लोकांच्या बेपर्वाईतूनच येते असे मी म्हणणार नाही. तिचे एक सरळ कारण आरक्षणाच्या पद्धतीत आहे. सफारीचे आरक्षण ऑनलाइन होते, नावे आणि ओळखपत्रांचे तपशील आधी भरावे लागतात, तारीख आणि फेरी ठरलेली असते आणि पैसे आगाऊ गेलेले असतात. बहुतेकांना सकाळची फेरी हवी असते, कारण सकाळी वाघ दिसण्याची शक्यता अधिक असे सांगितले जाते. सकाळच्या फेरीसाठी पहाटे प्रवेशद्वारापाशी हजर राहायचे, तर आदल्या रात्री तिथे पोहोचायलाच हवे. सुट्टी मोजकी, म्हणून वाटेत मुक्काम नको. या हिशेबात प्रत्येक गोष्ट रास्त वाटते, आणि सगळ्यांची बेरीज मात्र अशी होते की हजारो शहरी गाड्या नेमक्या तिन्हीसांजेला आणि रात्री जंगलातल्या रस्त्यांवर असतात.

समृद्धीवर कारसाठी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. पाच-सहा तास त्या वेगाने गाडी चालवल्यावर ८० चा वेग संथ वाटू लागतो. महामार्गावरून उतरल्यानंतर निदान पहिला तासभर पायाला आणि डोळ्याला वेगाचा अंदाज राहत नाही, हे लांबचा पल्ला चालवणारा कोणताही चालक सांगेल. शिवाय समृद्धीच्या दोन्ही बाजूंना अडथळे आहेत आणि वन्यप्राण्यांना ओलांडता यावे म्हणून रस्त्यावरून आणि रस्त्याखालून मार्ग केलेले आहेत. मोहर्लीच्या किंवा ताडोबाच्याच कोलारा या दुसऱ्या प्रवेशद्वाराच्या रस्त्यावर यांपैकी काहीही नाही. दोन पदरी डांबर, कडेला मुरूम, आणि मुरुमाला लागून जंगल. वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर साधारण चौपट होते. डिपरच्या उजेडात जेमतेम चाळीस-पन्नास मीटर दिसते, आणि ८० च्या वेगातली गाडी चालकाच्या लक्षात येऊन पूर्ण थांबेपर्यंत त्याहून पुढे गेलेली असते. म्हणजे जनावर दिसले तेव्हाच वेळ निघून गेलेली असते. अप्पर लावला तर हरिणवर्गातले प्राणी डोळे दिपून जागच्या जागी उभे राहतात, पळत नाहीत.

कातरवेळ ही सांबर, चितळ, नीलगाय आणि रानडुक्कर यांची चरायला आणि पाण्यावर जायला बाहेर पडण्याची वेळ. दिवसभर तापलेल्या डांबरावर ऊब घ्यायला साप येतात. रातवा नावाचा, वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी रस्त्याच्या मधोमध जमिनीला चिकटून बसलेला असतो आणि गाडीच्या उजेडात त्याचा फक्त तांबूस डोळा चमकतो. अनेकांना तो दगड वाटतो आणि चाक त्याच्यावरून जाते. इरई धरणाच्या पाण्याजवळच्या एका वळणावर आम्ही एकदा उजेड मावळता मावळता थांबलो होतो. सांबराची एक मादी पाठीमागच्या पिलासह कडेच्या बांबूतून अर्धी बाहेर आली, पुढचा एक पाय उचलून तशीच उभी राहिली, कान दोन्ही दिशांना फिरवत राहिली. आमची गाडी बंद होती, म्हणून ती रस्त्यावर यायचे ठरवत होती. तेवढ्यात मागून आमच्याच जिल्ह्याच्या क्रमांकाची एक मोठी गाडी अप्पर लावून, हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेली. मादी मागे वळली, पिलू मात्र घाबरून पुढे धावले आणि त्या गाडीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावरून पलीकडे गेले. आई एका बाजूला आणि पिलू दुसऱ्या बाजूला अशी त्यांची ताटातूट झाली, आणि मादीचा तो खणखणीत, तुटक आवाज आम्ही बराच वेळ ऐकत होतो. गाडीतल्या मंडळींना यातले काही कळलेही नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसे सफारीच्या जिप्सीत बसून सांबराचा धोक्याची सूचना देणारा ‘कॉल’ कानात प्राण आणून ऐकत असतील, असे मला राहून राहून वाटते.

या रस्त्यांवर केवळ जनावरे नसतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला मोठा हिस्सा बफर, म्हणजे गावे, शेते, गुरे आणि जंगल एकत्र नांदणारा प्रदेश आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत, २०१८ च्या गणनेत ही संख्या ३१२ होती. ती वाढल्याचे आपण इथे कौतुक करतो. त्या वाढीबरोबर चंद्रपूर जिल्ह्यातली माणसे काय सोसतात, ते आपल्यापर्यंत फार थोडे पोहोचते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदूपाने आणि मोहफुले हे तिथल्या घरांचे उन्हाळ्यातले रोख उत्पन्न असते, ते सोडता येत नाही. ज्या गावात अशी घटना घडते, तिथला माणूस अंधार पडायला लागला की जंगलातली पायवाट टाळतो आणि डांबरी रस्ता धरतो, कारण रस्ता मोकळा असतो, दूरवरचे दिसते, कोणीतरी येत-जात असते. सायकलवरून कामावरून परतणारे मजूर, डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या बायका, गुरे हाकत आणणारे गुराखी हे सगळे त्या वेळी रस्त्याच्या कडेने चालत असतात. वाघाच्या भीतीने ज्या एका जागेचा आधार घ्यायचा, ती जागासुद्धा आपल्या गाड्यांनी असुरक्षित करावी, हे मला फार अन्यायाचे वाटते.

जंगलाच्या आत नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयासमोरच्या प्रकरणानंतर २०१२ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक भागात पर्यटन नको, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर हवे, एकामागून जाणाऱ्या दोन वाहनांत ५० मीटर अंतर हवे, अशा गोष्टी त्यांत आहेत. सोबत प्रशिक्षित गाइड असतो. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या वाहनांनी कोंडीत धरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. जिथे गाइड आहे, नोंद आहे, दंड आहे, तिथे हे घडते, तर प्रवेशद्वाराच्या बाहेर, जिथे आपल्याला अडवणारे कोणीच नाही, तिथे आपण कसे वागत असू याचा विचार व्हावा. पद्मापूर ते मोहर्ली रस्त्यावर वाघ आल्याची चलचित्रे समाजमाध्यमांवर सारखी फिरत असतात. त्यांत वाघापेक्षा अधिक दिसतात त्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या गाड्या, उघडी दारे आणि काचेतून बाहेर काढलेले हात. त्या रस्त्यावर वाघ दिसणे हे भाग्यच, पण तेव्हा गाडी बंद करून, काचा वर करून, त्याला ओलांडू देणे एवढेच आपले काम असते.

उपाय काय, याचा विचार करताना दोन उदाहरणे माझ्यासमोर येतात. कर्नाटकातील बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. नागपूर-सिवनी राष्ट्रीय महामार्गावर, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या भागात, रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांसाठी मोकळी वाट ठेवलेली आहे. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ ठिकाणी केले असून त्यांतील सर्वांत लांब मार्ग सुमारे ७५० मीटरचा आहे, आणि वाघांसह अनेक प्राणी त्यांचा उपयोग करत असल्याचे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत नोंदले गेले आहे. हे काम फार मोलाचे आहे. परंतु चंद्रपूर-मोहर्ली किंवा चिमूर-कोलारा यांसारख्या छोट्या रस्त्यांवर असे पूल बांधले जाण्याची शक्यता कमी, आणि रात्रीची सरसकट बंदी घालणे तिथल्या गावकऱ्यांवर अन्यायाचे होईल. रात्री आजारी माणसाला चंद्रपूरला न्यायचे तर त्यांना तोच रस्ता आहे. म्हणून माझ्या मते बंधन पाहुण्यांवर, म्हणजे आपल्यावर, यायला हवे, आणि तेही आपण होऊन.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हा प्रवास दोन दिवसांचा करणे. वेळ वाया जाईल ही भीती निराधार आहे, कारण वाटेतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मेहकरजवळ समृद्धी सोडली की लोणार दूर नाही. उल्कापाताने झालेले ते सरोवर, त्याभोवतीचे अभयारण्य आणि काठावरची जुनी देवळे यांसाठी एक दुपार आणि एक सकाळ सहज खर्ची घालावी. २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. आणखी पुढे जाऊन थांबायचे असेल तर वर्ध्याला मुक्काम करावा. सेवाग्राम आश्रम तिथेच आहे, आणि सेलूच्या बाजूला बोर व्याघ्र प्रकल्प आहे. महाराष्ट्रातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी हा सर्वांत लहान असल्यामुळे ताडोबाच्या गर्दीत त्याचे नावही कोणी घेत नाही, पण लहान मुलांना जंगलाची पहिली ओळख करून द्यायला तो मला अधिक योग्य वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याहून निघाले की दुपारी लख्ख उजेडात मोहर्ली गाठता येते, आणि मग जो रस्ता अंधारात केवळ पार करायचा असतो तोच पाहायला मिळतो. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचा ऐन, पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा, पानझडीनंतर दुरूनही ओळखू येणारा कांडोळ, मार्चअखेरीस झाडाखाली पहाटे झाडून साफ केलेल्या जागेत पडलेली मोहाची फुले, बांबूच्या बेटात शेपट्या लोंबवत बसलेली वानरे. आत गेल्यावर मोहर्ली ते ताडोबा तलाव या वाटेच्या कडेने गोंड राजांच्या काळातले दगडी खांब उभे आहेत, आणि तलावाकाठी तारूचे ठाणे आहे, तिथल्या लोकांचे दैवत. नीट झोप झालेली मुले हे सगळे विचारतात आणि गाइड त्यांना आनंदाने सांगतो. आदल्या दिवशी चौदा तास गाडीत बसलेली मुले पहाटेच्या जिप्सीत आईच्या मांडीवर झोपतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

वन विभागाला माझी नम्र विनंती आहे की, सफारीच्या आरक्षणाची पावती निघते तिच्यासोबतच त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ आणि ‘प्रवेशद्वारापर्यंतचा जंगलातील रस्ता त्याआधी पार करावा’ अशी ठळक सूचना मराठीत छापली जावी. दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्यांची सकाळची फेरी वाटेतल्या मुक्कामामुळे किंवा उशिरामुळे चुकली, तर दुपारच्या फेरीत जागा असल्यास ती त्यांना देण्याचा विचार व्हावा. जीव मुठीत धरून रात्री गाडी हाकण्याचे मुख्य कारणच त्यामुळे निघून जाईल. रिसॉर्टचालकांनीही पाहुण्यांना आदल्या दिवशी फोन करून जेवणाची आवड विचारण्यासोबत ‘अंधार पडायच्या आत या’ एवढे आग्रहाने सांगितले तर फार मोठा फरक पडेल. सार्वजनिक बांधकाम विभागाने या रस्त्यांवर, निदान पाणवठ्यांजवळच्या आणि गावांजवळच्या वळणांवर, गतिरोधक पट्टे आणि अंधारात चमकणारे वेगमर्यादेचे फलक वाढवावेत.

हे सर्व ठाण्याच्या वाचकांसमोर मांडण्याचे आणखी एक कारण आहे. आपण स्वतःच एका राष्ट्रीय उद्यानाच्या सावलीत राहतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे, येऊरचे प्रवेशद्वार आपल्या शहरात आहे, आणि गायमुखच्या पुढे घोडबंदर रस्ता या जंगलाला त्याच्या नागला भागापासून तोडत जातो. त्या रस्त्यावर आणि पुढे अहमदाबाद महामार्गावर बिबटे वाहनांखाली मेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. नवी मुंबईकरांनाही हे परके नाही. कोकणात जाताना त्यांची गाडी कर्नाळ्याच्या जेमतेम १२ चौरस किलोमीटरच्या पक्षी अभयारण्यातून जाते, पण तिथे वेग कमी करणारे किती आहेत? शनिवारी रात्री येऊरच्या पाड्यांवरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आणि गाणी थांबावीत म्हणून तिथले आदिवासी रहिवासी किती काळ तक्रारी करत आहेत. घराजवळच्या जंगलात रात्री काच खाली करून मोठ्याने गाणी लावणारा चालक ताडोबाच्या रस्त्यावर अचानक शहाणा होईल, अशी आशा करता येत नाही. मुलांना आठशे किलोमीटरवर नेण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी येऊरला पायी घेऊन जावे, गाडी प्रवेशद्वाराबाहेर ठेवून.

पावसाळ्यासाठी बंद असलेले ताडोबाचे गाभा क्षेत्र ऑक्टोबरात पुन्हा खुले होते, आणि दिवाळीच्या सुट्टीचे आरक्षण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. आपल्या वृत्तपत्रात त्या सुमारास पर्यटनाच्या पुरवण्या निघतात आणि त्यांत वाघाचे मोठे छायाचित्र, राहण्याची ठिकाणे आणि अंतरे दिलेली असतात. त्याच पानावर एका छोट्या चौकटीत चंद्रपूर, नागपूर आणि अमरावती येथील सूर्यास्ताच्या वेळा, वर्धा किंवा लोणारच्या मुक्कामाची माहिती आणि समृद्धी सोडल्यानंतरच्या रस्त्यांवरील वेगमर्यादा आपण यंदा अवश्य छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)